कॉर्वेट, ९११ आणि इंजिनाची जागा

गाडी कोणतीही असो, आपल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला : "ॲव्हरेज किती देते?" स्पोर्ट्स कारबद्दल हे विचारणं म्हणजे पहिलवानाला "जेवतोस किती?" विचारण्यासारखंच. पण उत्तर गमतीदार आहे. २०२०च्या शेव्हरोले कॉर्वेटचं आठ सिलिंडरचं ६.२ लिटर इंजिन शहरात गॅलनला १५ मैल देतं, तर हायवेवर २७. जोर लागत नसला की त्यातले चार सिलिंडर आपोआप बंद होतात. पोर्शे ९११ कॅरेराचं सहा सिलिंडरचं इंजिन हायवेवर २४च देतं.

बाकीचे आकडेही त्याच वर्षाचे पाहू. साध्या कॉर्वेटची ताकद ४९० अश्वशक्ती. 'झेड ५१' पॅकेज घेतलं, तर ० ते ६० मैल वेग २.९ सेकंदांत. किंमत साठ हजार डॉलरच्या आत सुरू. ९११ कॅरेरा ३७९ अश्वशक्तीची, साधारण चार सेकंदांची आणि ९७ हजारांच्या पुढची. निसान जीटी-आर ५६५ अश्वशक्तीची, पण लाखाच्या वर. नुसता हिशेब केला तर निकाल लागलाच!

पण मला आकड्यांपेक्षा इंजिनाची जागा महत्त्वाची वाटते. भरलेली बादली हात लांब करून धरली तर वळताना तोल जातो. पोटाशी धरली तर चटकन वळता येतं. गाडीचंही तसंच. ९११चं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे असतं. त्यामुळे मागच्या चाकांची पकड जबरदस्त, पण जुन्या ९११ वळणावर अचानक पाय काढला की शेपूट फिरवायच्या. जीटी-आरचं इंजिन पुढे आणि जोर चारही चाकांना. १९५३पासून पुढे इंजिन असलेल्या कॉर्वेटने २०२०च्या मॉडेलमध्ये ते सीटच्या मागे, गाडीच्या मध्याजवळ आणलं.

ही कल्पना झोरा अर्कस-डुंटोव्ह यांची. ब्रुसेल्समध्ये रशियन आईबापांच्या पोटी जन्मलेला हा इंजिनिअर न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात कॉर्वेट पाहून १९५३मध्ये जनरल मोटर्समध्ये दाखल झाला. १९६०मध्ये त्यांनी मध्ये इंजिन असलेली प्रायोगिक गाडी बनवलीही; पण पुढे इंजिन असलेली कॉर्वेट खपत असताना कंपनी बदलाला तयार होईना. १९७५मध्ये ते निवृत्त झाले, १९९६मध्ये वारले. त्यांच्या अस्थी केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या कॉर्वेट म्युझियममध्ये आहेत आणि त्यांच्या मनातली गाडी आज त्याच गावच्या कारखान्यात तयार होते. परक्या देशात येऊन वर्षानुवर्षं एखादी कल्पना लावून धरणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मग घ्यायची कोणती? जीटी-आरचं उत्पादन २०२५मध्ये थांबलं, म्हणजे ती आता जुनीच मिळणार. घरात लहान मूल असेल तर ९११ बघा. मागे दोन चिमुकल्या सीट आहेत. कॉर्वेटमध्ये दोनच माणसं मावतात, म्हणजे भारतातून आई-बाबा आले की त्यांना फिरवायला दुसरी गाडी हवीच. आणि उन्हाळी टायरवर यातली कोणतीही गाडी मिशिगनच्या बर्फात काढू नका.

मुलं कॉलेजात गेली असतील, तर माझं मत कॉर्वेटला. हायवेवर ७०ची मर्यादा असताना सेकंदाचा फरक कुणाला कळणार? वळणाचा मात्र कळतो. म्हणून सही करण्याआधी दोन्ही गाड्या एकाच वळणदार रस्त्यावर चालवून बघा.