पुस्तकातला फ्रेंच भूतकाळ: पासे सांप्ल

तर मंडळी, ए२ पास झालो म्हणून तोऱ्यात 'ल पती प्रँस' उघडलं आणि अडकलो. 'दमांदा', 'रेपाँदी'... क्रियापदं ओळखीची, शेपट्या अनोळखी! क्लासमध्ये शिकलो तो बोलण्यातला भूतकाळ, पासे काँपोझे. हा पुस्तकातला, पासे सांप्ल. गप्पांत आज कुणी वापरत नाही.

'पार्ले' म्हणजे बोलणे. लिहिताना शेवटचं ईआर काढायचं आणि शेपटी लावायची. मी पार्ले (ऐकायला मूळ शब्दच, किंवा आपलं विलेपार्ले!), तू आणि तो पार्ला, आम्ही पार्लाम, तुम्ही पार्लात, ते पार्लेर. गोष्टीत बहुतेक 'तो' आणि 'ते'च भेटतात, म्हणून मी आधी तेवढेच पाठ केले.

'रेपाँद्र' आणि 'फिनीर' गटांत 'आ'ऐवजी 'ई': तो रेपाँदी, ते रेपाँदीर. खरी गोची 'फिनीर'ची. 'तो संपवतो' आणि 'त्याने संपवलं', दोन्ही 'फिनी', स्पेलिंगसुद्धा तेच! तिथे शेजारची क्रियापदं बघा. 'दमांदा' दिसलं की समजा भूतकाळ चाललाय.

एवढी झटापट नको असेल तर कामूची १९४२ ची 'लेत्रांझे' घ्या. ती मुख्यतः पासे काँपोझेतच पुढे सरकते.