धर्म वर्गात आला तर

सुरतेच्या दक्षिणेला, मुंबईच्या रेल्वेमार्गावरचे सचिन आज जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीमुळे आणि कापडाच्या धंद्यामुळे ओळखले जाते. १७९१ मध्ये मात्र इथे आफ्रिकी वंशाच्या सिद्दी नवाबांचे संस्थान उभे राहिले. जंजिऱ्याच्या गादीवरचा हक्क सोडण्याच्या बदल्यात सिद्दी घराण्यातल्या वारसाला हा मुलूख मिळाला. मुसलमान नवाब, बहुतांश हिंदू प्रजा, शेजारच्या सुरतेत पारशी आणि बोहरी. आता त्यात खानदेशातून आणि ओडिशातून आलेले कामगार. पण शेजारी राहिल्याने शेजाऱ्याचा धर्म कळतोच असे नाही. सणाची मिठाई पोचते, समजूत पोचत नाही. ती शिकावी लागते, आणि विद्यापीठाच्या पदवीत तिला जागा हवी.

याचा दाखला सुरतेतच आहे. आँक्तिल द्युपेराँ हा फ्रेंच तरुण १७५८ मध्ये सुरतेला आला आणि पारशी धर्मगुरू दस्तूर दाराब यांच्याकडे पारशांचा धर्मग्रंथ अवेस्ता शिकला. १७७१ मध्ये पॅरिसला त्याचे भाषांतर निघाले, तेव्हा विल्यम जोन्ससारख्या पंडितानेही ते खोटे ठरवून त्याची टर उडवली. पुढे १८२६ मध्ये डॅनिश भाषापंडित रास्क याने अवेस्ताची भाषा खरोखरच प्राचीन असल्याचे दाखवून दिले. दस्तुरांकडे परंपरा होती, आँक्तिलकडे चिकाटी, रास्ककडे व्याकरण. यांपैकी एकट्याच्या भरवशावर काम भागले नसते. भाविकाला आणि टीकाकाराला एकाच पुराव्यापुढे बसवणे, हेच विद्यापीठाचे काम.

सरकारी पैशात धर्म कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे घटनेचे २८वे कलम सांगते. पण धर्माची दीक्षा वेगळी आणि धर्मांचा अभ्यास वेगळा, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मान्य केला. अध्यापकच प्रचारक निघाला तर काय, ही भीती मात्र कायद्याने जाणार नाही. इतिहासाच्या वर्गातही ती असतेच. उत्तरपत्रिकेत श्रद्धेला नव्हे, पुराव्याला गुण दिले आणि प्रत्येक धर्माचे मूळ ग्रंथ वाचायला लावले, तर तिला बराच आळा बसतो.

उरला पोटापाण्याचा प्रश्न. नोकरीची हमी हा विषय देत नाही, तसे सांगूही नये. पण त्याचा उपयोग कसा होऊ शकतो ते पाहा: समाजसुधारक विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले ते तौलनिक धर्माभ्यासासाठीच. १९०३ मध्ये परतले, १९०६ मध्ये त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले, शाळा आणि वसतिगृहे चालवली, आणि १९३३ मध्ये ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ लिहून धर्माने पवित्र ठरवलेल्या एका अन्यायाचा इतिहास तपासला.