कमरेचं रिव्हॉल्व्हर आणि कागलची हद्द
सदऱ्याआड बसेल असं हत्यार परवानाधारकाला हवं असलं, की निवड बहुधा .३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तुलावर येते. ९ मिमी सामान्य नागरिकाला मिळत नाही. कानपूरच्या आयुध निर्माणीचं २०१४चं ‘निर्भीक’ सहा गोळ्यांचं, जेमतेम ५०० ग्रॅमचं. आखूड नळी लपते छान, पण नेम धरणं अवघड: नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणांतलं अंतर कमी, त्यामुळे हात किंचित हलला तरी गोळी भलतीकडे. सरावाशिवाय ते बाळगूच नये, असं माझं ठाम मत आहे. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी ते पूर्ण झाकलेलं हवं. कागलकरांनी परवान्यावरचं क्षेत्रही पाहावं. परवाना महाराष्ट्रापुरताच असेल, तर महामार्गावर कोगनोळीपासून पुढे, म्हणजे कर्नाटकात, चालत नाही. निपाणीला निघण्याआधी तेवढी ओळ वाचाच.