सेरोटोनिनवरील औषधे आणि मोठ्या आतड्याची हालचाल

उलटी थांबण्यासाठी ऑन्डान्सेट्रॉन घेतल्यावर दोन दिवस पोट साफ झाले नाही, असे अनेक रुग्ण सांगतात. याचे कारण सेरोटोनिन. हे रसायन मेंदूतले म्हणून ओळखले जाते. पण शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन पचनसंस्थेत असते.

अन्नाचा दाब पडला की आतड्याच्या अस्तरातील पेशी सेरोटोनिन सोडतात. ते मज्जातंतूंवरील रिसेप्टरना चिकटते आणि आतड्याच्या हालचालीला चालना मिळते. यातील दोन रिसेप्टर महत्त्वाचे आहेत.

५-एचटी३: हा अडवला की मोठ्या आतड्यातील मल सावकाश पुढे सरकतो. ऑन्डान्सेट्रॉन हेच करते. याच गटातील अलोसेट्रॉन २००० साली अमेरिकेत जुलाब होणाऱ्या आयबीएससाठी आले. पण तीव्र बद्धकोष्ठता आणि आतड्याचा रक्तपुरवठा कमी होण्याच्या घटनांमुळे त्याच वर्षी मागे घेतले गेले. २००२ मध्ये ते कडक अटींसह परत आले.

५-एचटी४: हा उत्तेजित केला की हालचाल वाढते. जुनाट बद्धकोष्ठतेसाठीचे प्रुकॅलोप्राइड असे काम करते. सुरुवातीला डोकेदुखी, मळमळ किंवा जुलाब होऊ शकतात. याच रिसेप्टरवर काम करणारे जुने सिसाप्राइड मात्र हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या अनियमित करत असल्याने अनेक देशांत बंद झाले.

म्हणून ही औषधे स्वतःच्या मनाने घेऊ नका. चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगा. बद्धकोष्ठतेसोबत पोट फुगणे, उलट्या, तीव्र पोटदुखी किंवा शौचातून रक्त जाणे असे काही असेल, तर त्वरित तपासून घ्या.