एसी चालू, तरी मोटारीत गरम हवा का?

वैशाख वणव्यात मोटारीचा एसी चालू करावा आणि थंड झुळकेऐवजी तोंडावर गरम हवेचा झोत यावा, हा अनुभव अनेक वाहनधारकांच्या वाट्याला येतो. तापमानाचा नॉब निळ्या खुणेवर नेला, पंखा कमी-जास्त केला, तरी हवा गरमच. अशा वेळी बहुतेकांच्या तोंडून निघणारे पहिले वाक्य असते, ‘गॅस संपला असेल.’ मग गॅरेजमध्ये गॅस भरला जातो, पैसे मोजले जातात आणि परतीच्या वाटेवर पुन्हा तोच गरम वारा! कारण दोष एसीत नसून न बंद होणाऱ्या हीटरमध्ये असतो. हे दोन दोष वेगळे आहेत आणि ते ओळखण्याच्या काही खुणा वाहनधारकाला घरच्या घरी पाहता येतात.

हीटर चालतो कसा?

पेट्रोल वा डिझेलवर चालणाऱ्या मोटारीतील हीटरला वेगळे इंधन लागत नाही. इंजिनाभोवती फिरून तापलेले कूलंट साधारणपणे ९० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्यातील काही भाग दोन रबरी नळ्यांवाटे डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमध्ये जातो. यालाच ‘हीटर कोअर’ म्हणतात. पंख्याची हवा आधी एसीच्या थंड जाळीतून जाते. त्यानंतर तिच्यातील किती हवा हीटर कोअरवरून न्यायची, हे एक झडप ठरवते. नॉब निळ्या टोकाला असताना ही झडप हीटरची वाट पूर्ण बंद करते आणि लाल टोकाला ती पूर्ण उघडते.

म्हणजेच झडप उघडी राहून अडकली, तर एसीने थंड केलेली हवाही पुढच्याच पावलावर पुन्हा तापते. एसी निर्दोष असूनही मोटारीत उकाडा का होतो, याचे उत्तर येथे आहे. काही जुन्या मोटारींत झडपेच्या जोडीला कूलंटचा प्रवाहच रोखणारा ‘हीटर कॉक’ही असतो. तो गंजून उघडा राहिला, तरी परिणाम तोच होतो.

दोष एसीचा की हीटरचा?

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना एसी बंद ठेवावा, नॉब निळ्या टोकाला न्यावा, बाहेरची हवा आत घेण्याचा पर्याय निवडावा आणि पंखा मध्यम वेगावर ठेवून मोटार सुरू करावी. सुरुवातीला येणारी हवा बाहेरच्या हवेइतकीच असेल आणि इंजिनाचा काटा चढू लागेल तशी ती तापत गेली, तर हीटरची उष्णता आत शिरते आहे, असे समजावे. हवा अखेरपर्यंत बाहेरच्या हवेसारखीच राहिली आणि एसी लावूनही थंड झाली नाही, तर दोष एसीच्या बाजूला शोधावा. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत मात्र ही परीक्षा करू नये. तापलेल्या डॅशबोर्डमुळे पहिली काही मिनिटे कोणत्याही मोटारीतून गरम हवाच येते.

मेकॅनिक आणखी एक खूण पाहतो. एसी चालू असताना बॉनेटखाली एसीची जाड नळी गार पडून तिच्यावर पाण्याचे थेंब जमत असतील आणि तरीही आत गरम हवा येत असेल, तर संशय झडपेवरच जातो. एसीचा गॅस पेट्रोलप्रमाणे खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो कमी झालाच असेल, तर कोठेतरी गळती आहे. ती न शोधता नुसता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

नॉब काय सांगतो?

हाताने फिरवायचे नॉब असलेल्या मोटारीत नॉब आणि झडप एका बारीक तारेने जोडलेले असतात. इंजिन व पंखा बंद ठेवून नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावा. झडप बसल्याचा ‘धप्’ असा हलका आवाज दोन्ही टोकांना यायला हवा. नॉब सैल फिरत असेल आणि आवाजच नसेल, तर तार निसटली किंवा तुटली असण्याची शक्यता आहे. नॉब अर्ध्यावरच अडत असेल, तर झडप जाम झाली असावी किंवा तिच्या वाटेत काही तरी अडकले असावे. निसटलेली तार क्लिपमध्ये पुन्हा बसवणे हे किरकोळ काम आहे.

स्वयंचलित वातानुकूलन असलेल्या मोटारीत तारेची जागा छोटी विद्युत मोटर घेते. तिच्यातील प्लास्टिकच्या चाकाचे दाते झिजले, की तापमान बदलताना डॅशबोर्डमागून ‘टक् टक्’ असा आवाज येत राहतो. बॅटरी काढून पुन्हा लावल्यानंतर दोष उद्भवला असेल, तर झडपेची मूळ जागा यंत्रणेला पुन्हा ‘शिकवावी’ लागते. त्याची पद्धत वाहनाच्या पुस्तिकेत किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये मिळते. चालकाच्या बाजूला थंड आणि शेजारी गरम हवा येत असेल, तर एका बाजूच्या झडपेची मोटर बिघडलेली असू शकते. मात्र एसीचा गॅस कमी असतानाही असा फरक पडतो, हे ध्यानात ठेवावे.

काट्याकडे लक्ष हवे

हीटर अडकल्याने इंजिनाला अपाय होत नाही. उलट इंजिनाची थोडी उष्णता त्यातून बाहेर पडते. म्हणूनच घाट चढताना इंजिन तापू लागल्यास एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करण्याचा सल्ला अनुभवी चालक देतात. धोक्याची खूण याच्या नेमकी उलट आहे. गरम येणारी हवा अचानक गार झाली आणि तापमानाचा काटा चढू लागला, तर कूलंट कमी झाल्याची शक्यता असते. अशा वेळी मोटार सुरक्षित जागी उभी करून इंजिन बंद करावे. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाबाखालचे उकळते कूलंट उसळून गंभीर भाजण्याची भीती असते. आतील काचांवर चिकट धुके जमणे, गोडसर वास येणे किंवा पायाखालचा गालिचा ओला होणे ही हीटर कोअर गळत असल्याची लक्षणे आहेत. त्याकडे दुर्लक्ष करू नये.

‘बायपास’ करावा का?

हीटरच्या दोन्ही नळ्या परस्परांना जोडून कोअर वगळण्याचा तोडगा गॅरेजमध्ये सर्रास सुचवला जातो. उन्हाळा निभावण्यापुरता तो चालतो. पण कूलंटचा मार्ग कोठेही बंद होता कामा नये. शिवाय पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटात काच धुरकट झाली, की ती लवकर निवळण्यासाठी एसीबरोबर हीच गरम हवा कामी येते. तेव्हा बायपास हा कायमचा उपाय मानू नये.

काम सोपवण्यापूर्वी दोष तारेचा, मोटरचा, कॉकचा की कोअरचा, हे मेकॅनिककडून स्पष्ट करून घ्यावे आणि खर्चाचा लेखी अंदाज मागावा. तार किंवा मोटरपर्यंत अनेकदा पायाजवळून हात पोचतो. कोअरसाठी मात्र बहुधा संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि मजुरीत मोठा फरक पडतो. डॅशबोर्डमध्ये एअरबॅगच्या तारा असल्याने तो घरी उघडण्याचे साहस टाळावे. विजेवर चालणाऱ्या मोटारींत हीटर उच्च दाबाच्या विजेवर चालतो. नारंगी आवरणाच्या त्या तारांना प्रशिक्षित तंत्रज्ञाशिवाय कोणीही हात लावू नये.

दुरुस्ती होईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवून, शक्यतो सकाळ-संध्याकाळी प्रवास करणे श्रेयस्कर. लहान मुले आणि वृद्धांना उष्णतेचा त्रास लवकर होतो. अशा मोटारीतून भर दुपारी त्यांना लांबच्या प्रवासाला नेणे टाळलेलेच बरे.