यजमान संघाची सिद्धता आणि वनजिल्ह्यांतील मैदाने

फुटबॉलच्या जागतिक स्पर्धेसाठी इतर देशांना पात्रता सामने खेळावे लागतात. यजमान देशाला मात्र थेट प्रवेश मिळतो. या मानाबरोबर एक अडचणही येते. पात्रता सामन्यांतून संघाची जी कसोटी लागते, ती यजमानांना अन्य मार्गाने घडवून आणावी लागते. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा भरली, तेव्हा आपल्यापुढे हाच प्रश्न होता.

दीर्घ तयारी

या स्पर्धेसाठी देशाच्या निरनिराळ्या भागांतून मुले निवडून त्यांना गोव्यात प्रशिक्षण देण्यात आले. सप्टेंबर २०१६ मध्ये गोव्यातच झालेल्या सोळा वर्षांखालील आशियाई स्पर्धेत भारताने सौदी अरेबियाशी ३-३ अशी बरोबरी साधली. विजय मात्र मिळाला नाही. २०१७ च्या प्रारंभी पोर्तुगालचे लुईश नॉर्टन डी मातोस प्रशिक्षक झाले. त्यानंतर संघ युरोप व मेक्सिको येथे सराव सामने खेळला.

महाराष्ट्रात १५ सप्टेंबर २०१७ रोजी एकाच दिवशी दहा लाख विद्यार्थ्यांनी फुटबॉल खेळावा, असा उपक्रम राज्यभरातील शाळांसाठी योजण्यात आला.

ऑक्टोबरमध्ये दिल्लीत भारत अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ व घानाकडून ०-४ असा पराभूत झाला. तथापि कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंग याने केलेला गोल हा फुटबॉलच्या कोणत्याही विश्वचषक स्पर्धेतील भारताचा पहिला गोल ठरला.

दुर्गम भागाचा वाटा

या संघातील २१ खेळाडूंपैकी ८ एकट्या मणिपूरचे होते. महाराष्ट्राचा अनिकेत जाधव कोल्हापूरचा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत त्याचा खेळ घडला. लहान व डोंगराळ राज्य इतके खेळाडू देऊ शकते, ही गोष्ट चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये एव्हरेस्ट शिखर गाठले, तेही पद्धतशीर निवड व प्रशिक्षण यांच्या बळावरच. उणीव अंगच्या गुणांची नसून संधीची आहे, हे यावरून स्पष्ट होते.

ग्रामपंचायत काय करू शकेल?

पहिले काम कागदाचे आहे. २०१७ च्या स्पर्धेस १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेलेच खेळाडू पात्र होते. वयोगटाच्या स्पर्धांत जन्मदाखला पाहिला जातो. या विश्वचषकात तर मनगटाची एमआरआय तपासणीही होते. १९६९ च्या कायद्यानुसार जन्माची खबर २१ दिवसांत द्यावयाची असते. पाड्यावर जन्मलेल्या मुलाची नोंद राहून गेली किंवा शाळेत अंदाजाने तारीख लिहिली गेली, तर त्याच्या गुणांवर पुढे निष्कारण शंका येऊ शकते.

दुसरे काम जागेचे. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी प्रचलित असलेले १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद मैदान पाऊण हेक्टरपेक्षाही कमी जागेत बसते. वनक्षेत्रालगतच्या गावांत तेवढी सपाट गावठाण जमीन नसेल, तर पाच-सात जणांच्या संघांसाठी शाळेचे पटांगण पुरते. धान निघाल्यावर रिकामी झालेली बांधीही शेतकऱ्याच्या संमतीने वापरता येते.

तिसरे काम शिक्षकांचे. चपळ मुले वेळीच हेरून त्यांना तालुका व जिल्हा स्पर्धांना, तसेच क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांना पाठविणे त्यांच्या हाती आहे.

यजमानपद काही वर्षे आधी जाहीर होते. खेळाडू घडण्यास मात्र त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून सिद्धतेचा आरंभ राजधानीतील क्रीडागारात नव्हे, तर गावच्या जन्मनोंदवहीत व शाळेच्या पटांगणावर व्हावयास हवा.