काजळीचा ताळेबंद आणि हिमनद्या

वस्तूचे मूल्य चुकते केले की व्यवहार संपला, असे आपण मानतो. परंतु ती घडवताना निघालेल्या धुराची नोंद कोणत्याही बिलावर नसते. माल साता समुद्रांपार जातो. काजळी मात्र मागे राहते. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ताळेबंदातील ही न मांडलेली रक्कम पर्वतावरच्या बर्फाला फेडावी लागते.

बर्फावरची काळी छाया

डिझेल, कोळसा, लाकूड अर्धवट जळाले की कार्बनचे सूक्ष्म कण तयार होतात. वाऱ्यावर स्वार होऊन ते दूरवरच्या शिखरांवर उतरतात. ताजा शुभ्र बर्फ सूर्यप्रकाशाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग परतवून लावतो. काजळीने मळलेला बर्फ तीच उष्णता शोषून घेतो व लवकर वितळतो. युरोपातील आल्प्सच्या हिमनद्या १८६०च्या सुमारास, हवामान अद्याप फारसे तापले नसताना, मागे सरू लागल्या. २०१३ मधील एका संशोधनाने त्याचे कारण औद्योगिक क्रांतीच्या काजळीत शोधले.

कारखाने आशियात, ग्राहक जगभर

पुढे उत्पादनाचे केंद्र आशियाकडे सरकले. २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि या स्थलांतराला वेग लाभला. ‘नेचर’ नियतकालिकातील २०१७ च्या अभ्यासानुसार, २००७ साली हवेतील सूक्ष्म कणांमुळे जगात झालेल्या अकाली मृत्यूंपैकी सुमारे २२ टक्के मृत्यूंचा संबंध एका प्रदेशात बनून दुसऱ्या प्रदेशात वापरल्या गेलेल्या वस्तू व सेवांशी होता. काजळी हा याच कणांचा एक घटक. तिबेटचे पठार आणि हिमालय तर चीन व भारत या दोन मोठ्या उत्पादक देशांच्या मधोमध उभे आहेत. अर्थात सारा दोष व्यापाराचा नव्हे. वीटभट्ट्या आणि घरगुती चुली यांचा वाटा मोठा असल्याचे जागतिक बँकेच्या २०२१ च्या अहवालाने दाखवले आहे.

मुद्दलाला हात

हिमनदी ही जणू निसर्गाची मुदत ठेव. उन्हाळ्यात मिळणारे पाणी हे तिचे व्याज. काजळी आणि तापमानवाढ मुद्दलालाच हात घालतात. काठमांडू येथील ‘इसिमोड’ संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार, हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्या २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने घटल्या. पर्वतीय प्रदेशातील २४ कोटी आणि खालच्या नदीखोऱ्यांतील १६५ कोटी लोकांचे जीवन या जलस्रोतांशी निगडित आहे.

तरीही एक गोष्ट आशादायक आहे. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके वातावरणात टिकतो; काजळी काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत खाली बसते. म्हणूनच ती रोखण्याचे फळ लवकर हाती येते. १ एप्रिल २०२० पासून भारतात लागू झालेली ‘बीएस-६’ मानके, सुधारित वीटभट्ट्या, स्वच्छ इंधन ही त्या दिशेची पावले होत. मात्र उत्पादकाच्या खर्चाला खरेदीदाराच्या जबाबदारीची जोड मिळाली, तरच हा ताळेबंद खऱ्या अर्थाने जुळेल.